टॅरो शिकताना पुस्तिका कपाटात ठेवा (आणि मग माझ्याशी भांडा)

कुंदकळी (धागाकर्ती)

दोन महिन्यांपूर्वी टॅरोच्या (भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांच्या) एका क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी झेरॉक्सचा गठ्ठा हातात ठेवला. ७८ पत्ते, प्रत्येकाचा सुलटा अर्थ वेगळा, उलटा वेगळा. म्हणजे १५६ अर्थ, आणि पुढच्या रविवारी तोंडी परीक्षा! शाळेतल्या सनावळ्या आठवल्या. तिसऱ्या रविवारी मी गेलेच नाही.

पण घरी रोज सकाळी चहाबरोबर एक पत्ता काढत राहिले, पुस्तिका न उघडता. आता माझं ठाम मत झालंय की नवशिक्याने पहिले काही महिने अर्थ पाठ करूच नयेत. चित्र बघावं, दिसेल ते वहीत लिहावं.

पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या रंगातली, पंजी घ्या. झेरॉक्समध्ये लिहिलं होतं, 'आर्थिक चणचण, आजारपण, एकटेपणा'. झालं, संपला पत्ता. चित्रात काय आहे? बर्फ पडतंय. शाल लपेटलेली एक अनवाणी बाई, मागून कुबड्यांवर एक माणूस, त्याच्या गळ्यात घंटा. दोघांच्या डोक्यावर रंगीत काचांची मोठी खिडकी, आतून उजळलेली. दोघंही वर बघत नाहीयेत. हे मला पहिल्या दिवशी दिसलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की चित्रात दरवाजाच नाही! तो पुढच्या वळणावर आहे की मुळातच नाही? हा प्रश्न झेरॉक्समध्ये नव्हता.

ही करामत पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने हा संच काढला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. त्याआधीच्या मार्सेय पद्धतीच्या संचांत पंजीवर नुसती पाच नाणी मांडलेली असायची, आपल्या चौकटच्या पंजीसारखी. बाईंनी नाटकांसाठी बरंच काम केलेलं, त्यामुळे बारीकसारीक पत्त्यांवरही प्रवेश रंगवलेत. काम डोंगराएवढं आणि पैसे अगदीच थोडे, असं त्यांनीच एका पत्रात लिहून ठेवलंय. खोक्यावर वर्षानुवर्षं नाव रायडर-वेट. बाईंची फक्त पत्त्याच्या कोपऱ्यातली वळणदार सही.

तर, चित्र आधी, पुस्तिका मग. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

त्रैराशिक

चित्र बघून मनात येईल ते म्हणायचं असेल तर टॅरोच कशाला? वाण्याच्या कॅलेंडरवरचं चित्र घ्या, फुकट मिळतं.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'तुझं खास व्यक्तिचित्र' म्हणून कागद दिला. विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, अगदी मीच हा! सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. तुमची पंजीही तसलीच. दरवाजा दिसत नाही असं कोणाला आयुष्यात वाटलेलं नसतं?

आणि पुण्यातली गोष्ट विसरू नका. नारळीकर सरांनी सहकाऱ्यांबरोबर २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० तपासल्या. बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी बरं झालं असतं.

अर्धवटराव

आमच्या जत्रेत पोपट पाकीट काढायचा. त्यानेही अर्थ पाठ केले नव्हते. धागाकर्तीला पोपटाचं अनुमोदन.

ओम_ऊर्जा

ताई, क्षमा असावी, पण सुरुवातच चुकली आहे. टॅरो ही इजिप्तच्या पुरोहितांची विद्या. पहिला संच स्वतः विकत घ्यायचा नसतो, कोणीतरी भेट द्यावा लागतो. म्हणूनच अर्थ उमगत नाहीत.

सावंतवाडीकर

इजिप्तचा नि टॅरोचा काडीचाही संबंध नाही. ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाली. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेली आजही शिल्लक आहेत. इजिप्तची कथा १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, शाम्पोलियोंला ती उलगडली १८२२ साली. मग ह्यांना पुरोहितांनी कानात सांगितलं काय?

मोठा अर्काना म्हणतात ती २२ खास चित्रांची पानं. त्यातला मूर्ख सोडला तर बाकीची २१ म्हणजे त्या खेळातले हुकूम. तेराव्या पानावर मृत्यू बघून घाबरतात लोक, पण खेळात तो बाराव्याला मारतो आणि चौदाव्याकडून मार खातो, एवढंच. फ्रान्समध्ये हा खेळ अजून जोरात चालतो. आमच्याकडची गंजिफा तशीच, दशावताराची १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. उद्या मत्स्याच्या दश्शीवरून कोणी लग्न जमवायला लागला तर आम्ही हसणारच ना?

रच्याकने, संच भेटच मिळायला हवा तर पहिला माणूस तो कुठून आणणार?

जुनी_जोगेश्वरी

बारा वर्षं पत्ते वाचते आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. कुंदकळी, झेरॉक्स टाकून दिलंस ते उत्तम. पण 'नुसतं चित्र बघा' हा आळशीपणा आहे. नुसतं चित्र बघणारी व्यक्ती स्वतःलाच वाचत बसते. आज नवऱ्याशी वाजलं की प्रत्येक पत्त्यात नवरा दिसतो.

१५६ अर्थ पाठ करायची गरजच नाही. चार रंग समज: वाँड्स म्हणजे उमेद आणि काम, कप्स भावना, स्वोर्ड्स डोकं आणि शब्द, पेंटॅकल्स पैसा, शरीर, घर. मग आकडे. एक्का म्हणजे बी, पंजी म्हणजे बसलेली घडी मोडणं, दश्शी म्हणजे भांडं भरून वाहणं. चारही पंज्या शेजारी मांड, सगळीकडे काहीतरी बिघडलेलं दिसेल. कप्सच्या पंजीत तीन पेले सांडलेत, दोन मागे उभे आहेत, बघणारा सांडलेल्यांकडेच बघतोय. मग तुझ्या बर्फातल्या बाईचं घराणं कळेल. उरतात सोळा दरबारी पत्ते, राजा, राणी वगैरे. ते सगळ्यांनाच छळतात, मलाही.

वेटने मोठ्या अर्कानातल्या बल आणि न्याय या पानांचा क्रमांक अदलाबदल केलाय, बल आठवर आणि न्याय अकरावर. जुन्या मार्सेय संचात उलटं आहे. नुसतं चित्र बघून हे कधी कळलं असतं?

कुंदकळी

जोगेश्वरीताई, चारही पंज्या आत्ता मांडल्या. बरोबर आहे तुमचं. आकड्यांपुरता मुद्दा सोडते.

त्रैराशिक, कॅलेंडर चालेल की! पण कॅलेंडरवरची माणसं पोज देऊन उभी असतात. स्वोर्ड्सची छक्की बघा. होडीत नावाडी, पाठमोरी बाई, लेकरू, आणि होडीच्या बुडात रोवलेल्या सहा तलवारी. त्या उपटल्या तर होडीत पाणी शिरेल. एवढा विचार कॅलेंडर करायला लावत नाही. आणि नारळीकरांची परीक्षा भाकिताची होती. मी भाकीत करत नाही. हा माझा माझ्याशी चाललेला खेळ आहे, कोणाचं नुकसान नाही.

त्रैराशिक

'कोणाचं नुकसान नाही' हे छातीवर हात ठेवून सांगा. दुसऱ्या कोणासाठी एकदाही पत्ता काढला नाहीत?

कुंदकळी

काढला.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. पत्ते टेबलावरच होते. त्यांच्या सुनेचे उपचार चालू आहेत. 'काढ ग एक, काय म्हणतंय बघू.' मी हसत हसत पिसले, त्यांच्याकडूनच काढून घेतला. स्वोर्ड्सची तिर्री. लाल बदाम, आरपार तीन तलवारी, मागे पाऊस. मी म्हणायला लागले की काकू, पाऊस थांबतोही... पण त्यांना कोण चित्र वाचायला सांगणार? त्यांना जे दिसायचं ते दिसलं होतं. पदर डोळ्यांना लावून उठल्या. चहा तसाच राहिला.

त्रैराशिक

माझ्या बाजूने एवढं पुरे.

साधी_माणूस

पुरे कसं? कोकणात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून ते बघतात. आमची आजी कौल घेऊन आली की शांत झोपायची. सगळ्यांचं फोररने मोजता येत नाही.

पण माझ्या मावसबहिणीने घटस्फोटाच्या काळात फोनवरून रीडिंग घ्यायला सुरुवात केली. आधी महिन्याला एक, मग आठवड्याला, शेवटी नवऱ्याचा मेसेज आला की लगेच. दर वेळी पैसे. कौल लावायला निदान देवळापर्यंत चालत जावं लागायचं.

जुनी_जोगेश्वरी

कुंदकळी, हे नवशिक्याला सगळ्यात आधी शिकवायला हवं आणि कोणीच शिकवत नाही. आजारपण, गरोदरपण, कोर्ट, आणि समोर नसलेला माणूस, या चारांवर पत्ता काढायचा नाही. मी पैसे घेते, तरी नाही म्हणते. त्याने गिऱ्हाईक तुटतं, हेही खरं.

त्रैराशिक

चारांवर नाही, मग उरलं काय? माणूस पत्ते बघायला येतो तोच या चारांसाठी.

अर्धवटराव

पोपट निवृत्त होतोय.

कुंदकळी

काकू काल परत आल्या होत्या. 'त्या दिवशीचं नीट नव्हतं ग, परत एक काढ.' मी सांगितलं, पत्ते भाचीने नेलेत. भाची बंगळुरूला असते. पत्ते ओट्याच्या वर, रव्याच्या डब्यामागे आहेत.

काकू म्हणाल्या, आल्यावर सांग.