एका मोबाइल नंबरवर तीन पेशंट, रेकॉर्ड कसं ठेवायचं?

रामबागकर_डीफार्म
नमस्कार मंडळी. डी.फार्मचं (फार्मसी डिप्लोमाचं) ५०० तासांचं ट्रेनिंग इंदूरला रामबागेतल्या एका मेडिकलवर चालू आहे. इथे जो येतो तो कुलकर्णी, नाहीतर जोशी. सॉफ्टवेअरमध्ये खातं मोबाइल नंबरावर, त्यामुळे आजोबा, आजी आणि सूनबाई, तिघांची औषधं एकाच यादीत. मालक म्हणतात, "बिल निघालं ना, बस." मला काही पटत नाही. तुम्ही काय करता?

काउंटरवाली_मावशी
बिल निघेल रे, पण आजींना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे हे त्यात कुठे दिसणार? नंबर घराचा असतो, माणसाचा नाही. मी नंबराखाली प्रत्येकाचं वेगळं खातं काढते: पूर्ण नाव, जन्मसाल, डॉक्टर. आणि "तुम्ही सुमनताई ना?" असं कधी विचारू नकोस. कमी ऐकू येणारी माणसं कशालाही "हो हो" म्हणतात. "आजी, नाव सांगा, जन्म कुठल्या सालचा?" असं म्हण आणि त्यांना बोलू दे.

चिठ्ठीत एक ब्रँड आणि आपण दिला दुसरा, तर दोन्ही लिही, सोबत घटक आणि ताकद. डायबेटिसची मेटफॉर्मिन ५०० दिली, पण साधी की एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी? लिहिलं नाहीस तर पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसरा मुलगा असला की घोळ ठरलेला. नोंद तिथल्या तिथे. रात्री शटर ओढताना आठवून भरलेलं रजिस्टर मी तरी मानत नाही.

दवाबाजारवाला
भिया, एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या शेड्यूल एच-वन यादीतल्या औषधांचं रजिस्टर विसरू नकोस. अल्प्राझोलम, ट्रामाडोल, सेफिक्सिम, सगळी त्यात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे विक्रीच्या वेळीच लिहायचं आणि ३ वर्षं जपायचं. १ मार्च २०१४ पासूनचा नियम आहे, मालकांना दाखव.

रामबागकर_डीफार्म
धन्यवाद दादा. मावशी, रजिस्टरात चुकलं तर? इथे व्हाइटनरची बाटली कायम गल्ल्याशेजारी असते.

काउंटरवाली_मावशी
ती बाटली आधी उचल तिथून! चुकलेल्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिही, सही, तारीख. आणि हो, ॲलर्जीचा रकाना कोरा सोडू नकोस. विचारून "नाही" म्हणाल्या तर तसंच लिही, तारखेसकट. कोऱ्या रकान्यावरून विचारलं होतं की राहिलं, कुणाला कळणार?