बाळाचं सामान आधीच सगळं घ्यावं की लागेल तसं?

सातवा_संपला
३४ वा आठवडा चालूये आणि घरात रोज हाच विषय. माझं मत पक्कं आहे, सगळं आधीच आणून धुवून ठेवावं. दिलेल्या तारखेला फार थोडी बाळं येतात, ३७ आठवडे झाले की कधीही, काही तर त्याच्याही आधी. आणि एकदा आलं की दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, त्यात खरेदी कधी करणार? नवऱ्याचं म्हणणं उलट आहे. तुम्ही कारणासकट लिहा प्लीज.

दुपटं_आणि_दप्तर
मी नवऱ्याच्या बाजूने. बाळ अडीच किलोचं येणार की चार किलोचं हे आज कोणालाच माहीत नाही, मग न्यूबॉर्न साइजची डझनभर झबली कशाच्या भरवशावर घ्यायची? अडीचवालं त्यात हरवतं आणि चारवाल्याला काही दिवसांतच घट्ट होतात. पंप, बाटल्या, स्टेरिलायझर हे तर दूध कसं पाजलं जातंय ते बघूनच ठरवायचं, सगळ्यांना लागतच नाही. थोडे कपडे, दुपटी, लंगोट नाहीतर डायपर, टोपी आणि झोपायला सपाट घट्ट गादी एवढ्यावर पहिला आठवडा आरामात निघतो.

रात्रपाळीची_आई
"लागेल तसं" बोलायला सोपं आहे हो, पण आणणार कोण? सिझेरियन झालेल्या बाईला कूस बदलताना त्रास होतो आणि घरातलं दुसरं माणूस बाळंतिणीकडे बघेल का बाजारात जाईल. डायपर दिवसाला ८-१० सहज जातात. आणि डिजिटल थर्मामीटर तर आधीच पाहिजे म्हणजे पाहिजेच, ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे तडक डॉक्टर, तिथे रात्री अंगाला हात लावून अंदाज घेत बसायचं नसतं.

दुपटं_आणि_दप्तर
थर्मामीटर मान्य, तो माझ्याकडून राहिला. पण डायपरचा साठा नको, एखाद्या ब्रँडने पुरळ आलं की उरलेल्याचं काय करणार?

काका_झालो
आधी की नंतर यापेक्षा काय घ्यायचंच नाही ते बोला ना कोणीतरी!! पाळण्याचा सेट म्हणून उशी, बंपर (पाळण्याच्या कडांना आतून बांधायची मऊ पट्टी), जाड रजई, सॉफ्ट टॉय असं जे गोंडस बांधून विकतात ते अजिबात नको. तान्ह्या बाळाला पाठीवर, सपाट जागी, आजूबाजूला काहीही मऊ न ठेवता झोपवायचं, नाकातोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून बंपरवर बंदी घातली, आणि वॉकरवर कॅनडात २००४ पासूनच बंदी आहे. तरी लोक हौसेने घेतात याचा मला खरंच राग येतो.

सातवा_संपला
काका, बंपर यादीतून काढला, थँक्यू. पण मुद्दा तोच आहे ना, आत्ता शांतपणे बसून वाचता येतंय म्हणून हे कळतंय. नंतर झोप नसताना समोर दिसेल ते ऑर्डर होईल.

जुनंच_बरं
नवीनच का पण? बहिणीच्या, मैत्रिणीच्या मुलांचे कपडे मागून घ्या, ते धुऊन धुऊन मऊ झालेले असतात आणि बाळं एवढ्या पटकन वाढतात की जुने म्हणावेत असे ते झालेलेच नसतात. म्हणजे आधीही होतं आणि खर्चही नाही. फक्त गाडीत बाळाला बसवायची कार सीट अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, अपघातात सापडलेली असेल तर बाहेरून कळत नाही आणि तिला एक्सपायरी पण असते.

रात्रपाळीची_आई
कार सीटला +१. गाडीने घरी आणणार असाल तर ती प्रसूतीच्या आधी बसवून, पट्टे लावून बघा. "लागेल तसं"वाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

दुपटं_आणि_दप्तर
ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी घ्यावी की, मी कुठे नाही म्हणतेय. माझा विरोध ढीग लावण्याला आहे. सातवा_संपला, तुमची पूर्ण यादी इथे टाका, त्यातलं पहिल्या आठवड्यात काय लागणार नाही ते मी एकेक करून सांगते.