अॅम्ब्युलन्समध्येच ट्रोपोनिन टेस्ट, भरवसा ठेवावा का?

नेदरलँड्समध्ये छातीत दुखणाऱ्यांच्या रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) अॅम्ब्युलन्सवाल्यांनीच तपासून पेशंटना हॉस्पिटलला न नेता घरीच ठेवलं असं वाचलं, आईबाबा सध्या इथे माझ्याकडे आहेत म्हणून विचारतोय, हे सेफ आहे का?

उत्तर १: सरसकट नाही हो. तुम्ही वाचलेल्या त्या डच अभ्यासात, म्हणजे आर्टिका ट्रायलमध्ये, लक्षणं, ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर मिळून स्कोअर ३ पर्यंतच आणि दुखायला लागून किमान २ तास झालेले असेच पेशंट घेतले होते, कारण ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो, घाईने काढलं तर खोटा दिलासा मिळतो.

उत्तर २: पण या पद्धतीने पेशंटमागे ३० दिवसांचा सरासरी उपचारखर्च १९६० वरून १३४९ युरोवर आला! मला तर फार पटलं.

उत्तर ३: पण दादा, ६५ पासून पुढे वयाचेच २ गुण, डायबेटिस असला की ३ झालेच, म्हणजे त्या स्कोअरची मर्यादा तिथेच गाठली. आईबाबांचं दुखलं तर वाट बघू नका, सरळ ११२ हा इमर्जन्सी नंबर लावा.