३२३, ५०४ मध्ये भावाला शिक्षा झाली, अपील कसं करायचं? मदत हवी आहे

बांधकरी:
भावाला कोर्टाने दोषी धरलंय, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२३ (मारहाण करून दुखापत) आणि ५०४ (चिथावण्यासाठी अपमान). २०२१ मध्ये बांध कोरण्यावरून चुलत्यांशी भांडण झालं होतं. साक्षीदार सगळे त्यांच्याच घरचे. अपील करायचंय आणि वकील फोन उचलत नाहीत. लवकर सांगा.

कोर्टकचेरी:
कैद झाली की नुसता दंड? निकालाची तारीख? भाऊ सध्या कुठे आहे?

शेतशिवार:
आधी भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका. हद्दीचे दगड पक्के झाले तेव्हाच आमचा वाद मिटला.

बांधकरी:
मोजणी कधीच झाली हो! मी अपिलाचं विचारतोय. ३ महिने साधी कैद आणि हजार रुपये दंड. त्याच दिवशी जामीन मिळाला, घरीच आहे. निकालाला १९ दिवस झाले.

कोर्टकचेरी:
१९ दिवस हे आधी सांगायचं! मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील, मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळतात, पण त्यावर विसंबू नका. कैद झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच फुकट द्यायची असते, ती शोधा. शिक्षेला स्थगिती किती दिवसांची आहे तेही बघा. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर वॉरंट निघेल.

तात्या७२:
कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता? दोन्ही कलमं तडजोडीची आहेत. चार माणसं घेऊन चुलत्यांकडे जा. आमचं असंच मिटलं, आज एकाच विहिरीचं पाणी दोघं घेतो.

कोर्टकचेरी:
तात्या, शिक्षा झाल्यावर तडजोडीला अपील कोर्टाची परवानगी लागते. अपीलच नसेल तर ती मागणार कुणाकडे?

तात्या७२:
अपील टाकलं की समोरचा आणखी बिथरतो, हे मी भोगलंय.

रानवाट:
५०४ ला नुसती शिवी पुरत नाही. समोरच्याने चिडून शांतता मोडावी असा हेतू किंवा तशी जाणीव दिसावी लागते. साक्षीत काय आलंय?

बांधकरी:
"घाण शिव्या दिल्या" एवढंच. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला नुसती स्थगिती नको, निर्दोष सुटायचंय. प्रत वकिलांकडे आहे, उद्या सकाळी घरी गाठतो. दुसरा वकील लावला तर यांची सही लागेल का?

कोर्टकचेरी:
अपिलाला वकीलपत्र नवीनच लागतं. प्रत तेवढी आणा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, पण उद्याच.