पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ तज्ज्ञ नसलेल्या माणसाला कसा सांगावा?

प्रश्न
मी निदान-प्रयोगशाळेत काम करतो. विरळ आजाराच्या स्क्रीनिंग चाचणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला की लोक आजार झालाच असे धरून चालतात. संवेदनशीलता (आजारी माणसांपैकी किती जणांना चाचणी पकडते) आणि विशिष्टता (निरोगी माणसांपैकी किती जणांना ती निरोगी ठरवते) यांच्या व्याख्या मी काळजीपूर्वक सांगतो, तरी समोरच्याची भीती कमी होत नाही, आणि 'चाचणी ९५ टक्के अचूक आहे' असे म्हटले तर ती वाढतेच. शास्त्रीय काटेकोरपणा न सोडता हे कसे सांगता येईल?

पहिले उत्तर
टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजून दाखवा. समजा, आजार हजारात एकाला आहे, चाचणी त्या एकाला अचूक पकडते, पण शंभर निरोगी माणसांपैकी पाच जणांनाही पॉझिटिव्ह ठरवते. हजार जणांना तपासले तर एक खरा रुग्ण सापडेल आणि उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांचे अहवालही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे अशा ५१ जणांत आजारी एकच, सुमारे २ टक्के. १९७८ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाच प्रश्न टक्केवारीत विचारला गेला, तेव्हा केवळ ११ जणांचे उत्तर बरोबर आले आणि सर्वाधिक जणांनी ९५ टक्के असे सांगितले. त्यामुळे ऐकणाऱ्याची बुद्धी कमी पडते असे कृपया मानू नका. अडचण मांडणीत आहे.

दुसरे उत्तर
वरील हिशेब योग्य आहे, पण तो लक्षणे नसलेल्यांनाच लागू पडतो, हे त्याच वेळी सांगायला हवे. ज्याला आधीपासून त्रास होतो आहे, तो त्या सरसकट हजारांतला नसतो. त्याच्यासारख्या हजारांत रुग्ण कितीतरी अधिक असतात, म्हणून तोच अहवाल त्याच्या बाबतीत अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. सोपे करण्याच्या ओघात ही अट गळली, तर आपण त्याला खोटा दिलासा देऊ.

तिसरे उत्तर
'धोका दुप्पट' यासारखे शब्दही मूळ आकड्याशिवाय वापरू नयेत. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकावरून दोनवर गेला होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते 'दुप्पट'. अनेक स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या आणि पुढील वर्षी गर्भपातांची संख्या वाढली.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. आता मी कागदावर हजार ठिपके छापून घेईन, त्यांतले ५१ गडद करेन, आणि अहवाल हाती देण्यापूर्वी लक्षणांविषयी विचारेन. सांगून झाल्यावर समोरच्याला 'समजले का?' असे न विचारता, घरी गेल्यावर तो हे कसे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत ऐकेन.