मदत हवी आहे: ४०० कुलपं, हजारो वास. नाकाचं गणित जुळत नाहीये

नमस्कार मंडळी. मी घरी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच, म्हणून इथे विचारतेय.

परवा आरशातल्या प्रतिमेसारखे असणारे रेणू शिकवताना कार्व्होनचं उदाहरण दिलं. दोन रूपं, अणू तेच, जोडणी तीच, फरक फक्त डाव्या-उजव्या हाताइतका. पण एकाला स्पिअरमिंट च्युइंगमचा वास, दुसऱ्याला बाळंतशोपांचा. एकीने विचारलं, "मॅडम, नाकाला हे कळतं कसं?" मी आपलं ठोकून दिलं, कुलूप-किल्ली. ती लगेच, "मग जितके वास तितकी कुलपं लागतील ना?"

रात्री वाचत बसले. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उंदरांमध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहींची (म्हणजे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, आपली 'कुलपं') जनुकं शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदरात असे ग्राही सुमारे १०००, आफ्रिकन हत्तीत जवळपास २०००, माणसात जेमतेम ४००. शिवाय नाकातल्या एका चेतापेशीवर सहसा एकाच प्रकारचा ग्राही. मग ४०० कुलपांत हजारो वास बसतात कसे? आणि एकाच ग्राहीत बरेच रेणू चालतात म्हणे, तर डावं-उजवं कुठे कळतं? सोमवारी तास आहे हो!

प्रतिसाद १

ताई, कुलूप-किल्ली सोडा, तुमचा वर्गच डोळ्यांसमोर आणा. तुम्ही प्रश्न टाकता, काही मुलं हात वर करतात, कोणी ताठ, कोणी अर्धवट. हात वर करणाऱ्यांचा संच पाहूनच प्रश्न कुठला होता ते ओळखायचं. एक ग्राही अनेक रेणूंना हात वर करतो, एक रेणू अनेक ग्राहींना उठवतो. ४०० पैकी कुठलेही तीन निवडायचे म्हटले तरी १ कोटी ५ लाखांहून जास्त त्रिकुटं होतात. ऑक्टॅनॉलला संत्र्यासारखा वास, त्याचंच आम्ल केलं की खवट, घामट. रेणूचं एक टोक बदललं की हात वर करणारी मुलं बदलतात. बकच्याच गटाने १९९९ मध्ये उंदरांच्या पेशींवर हे दाखवलं.

प्रतिसाद २

डाव्या-उजव्याचं: ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर गेलेलं प्रथिन, मधे एक खोबण. प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनतात, त्यामुळे खोबणीलाही 'हात' असतो. उजव्या हातमोज्यात डावा हात घालून बघा, जातो पण नीट बसत नाही. रेणू बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, आत जी-प्रथिन (निरोप पुढे नेणारं प्रथिन) सुटतं, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, आयनांची दारं उघडतात आणि चेतापेशी मेंदूला संदेश पाठवते. एकाच ग्राहीच्या सगळ्या पेशींचे धागे गंधकंदात (मेंदूचा वास हाताळणारा भाग) ठरावीक ठिपक्यांवर एकत्र येतात, म्हणून कोणते हात वर आहेत ते तिथे 'दिसतं'.

२०२३ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या एका गंधग्राहीची रचना त्यात रेणू बसलेला असताना दिसली. प्रोपिऑनेटसाठीचा (आखूड साखळीच्या एका आम्लाचं रूप) ग्राही, खोबण अगदी आखूड. तिच्यातली जागा बदलून वाढवली तर लांब साखळीची आम्लंही त्याला चालायला लागली. पण हा ग्राही जरा चोखंदळ. बरेचसे भाऊबंद त्यापेक्षा सैल असतात, हे मुलांना सांगा, नाहीतर पुन्हा कुलूपच डोक्यात बसेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. हातमोजा आणि वर्ग, दोन्ही सोमवारी वापरते. त्या पोरीचा पुढचा प्रश्न आत्ताच व्हॉट्सॲपवर आलाय: मोगऱ्यात इंडोल असतं, तेच इंडोल दाट झालं की शौचालयासारखं का वाटतं?

प्रतिसाद १

तेच गणित, ताई. आवाज हळू असेल तर पुढच्या बाकावरचेच हात वर करतात. ओरडून विचारलं की मागच्या बाकावरचेही उठतात. मात्रा वाढली की ज्यांची पकड सैल तेही ग्राही जागे होतात, संच बदलतो, आणि मोगऱ्यात तर इंडोलसोबत इतर रेणूही असतात. पोरीला आमच्याकडून शाबासकी द्या.