मदत हवी आहे: सहसंशोधकांचं मानधन बजेटमध्ये कुठे दाखवायचं?
नमस्कार मंडळी, सफाईकाम करणाऱ्या बायकांसोबत मजुरी आणि वागणुकीवर संशोधन करायचंय, प्रश्न त्यांनीच ठरवलेत, मुलाखतीही त्याच घेणार, आणि मी फंडिंगच्या अर्जात बजेटपाशी अडकलेय. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी एकच रकाना, 'सहभागींना भत्ता'. अहो पण त्या संशोधक आहेत! कोलंबियात समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्डांनी १९७० च्या दशकातच लोकांना बरोबरीचे संशोधक मानलं होतं ना. मग मानधन 'कर्मचारी'मध्ये दाखवू की सल्लागार म्हणून? मीटिंगला येण्याजाण्याचा, मुलं सांभाळायचा खर्च वेगळा लिहायचा का? आणि एथिक्सची (संशोधन नैतिकता समितीची) मंजुरी अर्जाआधी लागते की पैसे मंजूर झाल्यावर? एकीने रोजचे तास, कापलेली मजुरी सगळं वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय, तिला फुकट राबवणं मला पटतच नाही. कोणाचा असा अर्ज पास झाला असेल तर प्लीज सांगा.